जीपच्या मागच्या सीटवरचा देश

मी परदेशात कधी गेले नाही. पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे. तरी मी एक परका देश चार दिवस अगदी जवळून पाहिला, आणि तोही सातपूर ते नामपूर एवढ्या टापूत. तो देश आमच्या वर्कशॉपच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून आला होता. इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं, कारण तिकडे ज्याची एकहाती सत्ता होती तो माणूस अजून खुर्चीवर होता. मागच्या महिन्यात तिथून एक कार्ड आलं. पाठीमागे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, दोन्ही ठळक अक्षरांत. आत एकच ओळ, "सुमन, तो गेला, आता तुला हवं ते लिही." मग काय, बसले लिहायला! देशाचं नाव मात्र लिहिणार नाही. माणूस गेला म्हणून त्याने लावलेल्या सवयी लगेच जात नाहीत.

सोमवार, सातपूर

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमचं वर्कशॉप कांदा ग्रेडिंगची मशिनं बनवायचं, म्हणजे लहान, मध्यम, मोठा कांदा वेगळा करणारी. त्या देशाच्या सरकारी कारखान्याला मशीन हवं होतं, म्हणून दोन इंजिनियर बघायला आले. मी ऑफिसात टायपिंगपासून चहा सांगण्यापर्यंत सगळं करायचे. इंग्रजी पत्रं मीच लिहायचे, म्हणून साहेबांनी पाहुणे माझ्या गळ्यात बांधले. "सुमनताई, तुमचं तोंड जरा आवरा, म्हणजे ऑर्डर आपलीच," असं वर सुनावलं. जसं काही मी लोकांना चावते!

नावं उच्चारता येईनात, म्हणून शॉपमधल्या पोरांनी अर्ध्या तासात बारसं केलं. एक साठीला आलेले, उंच, बारीक, हसताना लाजणारे, ते थोरले. दुसरा चाळिशीतला, आडवा, कपाळाला आठी, खिशात वही, तो धाकला. इंग्रजी आमचं तिघांचंही सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

चार वाजता भजी आली. आपल्याकडे येतात तशीच, पेपरच्या तुकड्यावर. माझ्या तुकड्यावर गाड्यांच्या टायरची जाहिरात होती. पाहुण्यांच्या तुकड्यावर एका मोठ्या मंत्र्याचा हसरा फोटो, आणि भज्याचं तेल नेमकं गालावर पसरलेलं. दोघंही हात मागे घेऊन बसले. खाईनात. मला वाटलं, तिखट असेल. मग धाकल्याने एकेक भजं दोन बोटांनी उचलून बशीत ठेवलं, रुमालाने तो फोटो टिपला, चेहऱ्यावर घडी पडणार नाही असा कागद दुमडला आणि मला आदराने परत दिला. मी तो चुरगाळला आणि टोपलीत टाकला. थोरल्यांनी डोळे मिटले हो! धाकल्याने वहीत काहीतरी लिहिलं.

"आमच्याकडे रद्दीत सगळे सारखेच," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली. हे दोघं एकमेकांना सोडत नव्हते. थोरले बाथरूमला गेले की धाकला दाराबाहेर. धाकला उठला की थोरलेही उठायचे. हॉटेलात दोन खोल्या घेतल्या होत्या, तर म्हणाले, एकच द्या. मी रात्री घरी नवऱ्याला सांगितलं, तो आडवा आहे ना, तो इंजिनियर नाहीच, तो पोलीस आहे. नवरा म्हणाला, तुला सगळेच पोलीस दिसतात. पण माझी खात्री होती.

मंगळवार, पिंपळगाव

पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाऊस दाखवायचं होतं. जीप चालवायला रफिकभाई. सातपूरच्या पहिल्या शेडपासूनचा माणूस, गाडी झकास चालवतो, पण हायवेचा खड्डा लागला की त्याच्या तोंडाला ब्रेक नाही. ओझर ओलांडलं आणि लागला एक. चहाच्या टपरीवर उतरल्याबरोबर रफिकभाईंनी सरकारचा उद्धार सुरू केला. "इस मंत्री को ना दीदी, एक बार इसी रस्त्यावरून बाळंतीण घेऊन जायला लावलं पाहिजे! मग कळेल!" टपरीवाल्याने त्यात आणखी दोन मंत्री घातले. बाकावरचे दोन टेम्पोवाले म्हणाले, लय बरोबर बोलले, या खेपेला पाडतोच त्याला.

पाहुण्यांनी विचारलं, काय चाललंय? मी जसंच्या तसं सांगितलं. माझी चूक. थोरल्यांनी ग्लास खाली ठेवला आणि रस्त्याकडे पाठ करून उसाच्या शेताकडे बघत उभे राहिले. धाकला जीपमध्ये जाऊन बसला, काच वर. मार्चचं ऊन, आत भट्टी झाली असणार. घामाने निथळला बिचारा, पण काच काही खाली घेतली नाही.

त्याचा अर्थ मला दुपारी कळला. पॅकहाऊसमधल्या थंड खोलीत धाकला तापमान लिहून घेत होता. खोलीला दार एकच, आणि आतल्या बायकांनी त्याला टोपी, कोट, बूट असा साग्रसंगीत पोशाख चढवलेला, त्यामुळे तो लवकर सुटणार नव्हता. थोरले आणि मी बाहेर बागेत, मांडवाखाली. डोक्यावर घड लटकत होते. थोरल्यांनी एक मणी तोडला, खाल्ला, आणि मागे न बघता म्हणाले, "सकाळी ते लोक बोलत होते, त्यांना काही होणार नाही?"

"काय व्हायचंय? चहा थंड झाला, एवढंच."

"आमच्याकडे बोलणारा एकटा दोषी नसतो. ऐकून जो कळवत नाही, तोही."

मी म्हटलं, एवढा मोठा देश, एका माणसाच्या मुठीत गेला तरी कसा? तुम्ही सगळे काय झोपला होता? तोंड आवरा म्हणून साहेबांनी सांगितलं होतं, पण राहवलं नाही. थोरल्यांना राग आला नाही. कुणी तरी विचारायची वाटच बघत असल्यासारखे ते बोलायला लागले.

म्हणाले, झोपलो नव्हतो, टाळ्या वाजवत होतो. तो आला तेव्हा त्याने खरंच रस्ते केले. पाव स्वस्त झाला. गुंड नाहीसे झाले, कुठे गेले ते आम्ही विचारलं नाही. मग म्हणाला, निवडणुकीत फार वेळ जातो, कामं पुरी होईपर्यंत थांबू. आम्हाला पटलं. मग जुन्या न्यायाधीशांना निवृत्त केलं, पण अपमानाने नाही हं, सत्कार करून, बँड लावून. मी त्या सत्काराला होतो, मी केक खाल्ला. नवे न्यायाधीश आले ते त्याचे. मग वर्तमानपत्रं कमी होत होत एकच उरलं. त्यात शिवणकाम, पाककृती, सगळं छान असायचं, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नव्हती. आणि शेवटी प्रत्येकाला एक छोटंसं काम दिलं. शेजाऱ्याबद्दल महिन्याला एक कागद लिहायचा.

"पोलीस लिहितात?"

"नाही ना! पोलीस किती पुरणार? आम्ही लिहितो. मी दोघांबद्दल लिहितो. माझ्याबद्दल कोण लिहितो ते मला माहीत नाही. म्हणून मी सगळ्यांशी सारखंच बोलतो, म्हणजे हवापाण्याचं."

परदेशी जायचं तर जोडीनेच. कुटुंब मागे ठेवायचं, जामीन म्हणून. परत गेलं की दोघांना दोन खोल्यांत बसवतात आणि एकमेकांबद्दल लिहायला लावतात. एकाच्या कागदात जे आहे ते दुसऱ्याच्या कागदात नसलं, तर दुसरा लपवतोय, तो संपला. म्हणून समोरचा लिहीलच या भीतीने जो तो सगळं लिहून मोकळा होतो. आमच्या गल्लीतही चुगलखोर बायका आहेत, पण त्यांच्या चुगलीने कुणाचं घर जात नाही.

"आणि हे?" मी थंड खोलीकडे मान केली. "हे पोलीस ना?"

"एकाच कारखान्यात अकरा वर्षं आहोत. मला माहीत नाही."

मग ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच घाईघाईने बोलले. "सुमन, तुमच्याकडे ते पिवळ्या पाटीचे फोन असतात, तिथून परदेशी बोलता येतं? नाव न लिहिता?"

त्यांची मुलगी नऊ वर्षांपूर्वी देशातून पळून गेली होती. तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही, पत्र नाही, आवाज नाही. तिचा नंबर एका अंत्ययात्रेत कुणीतरी कानात सांगितला. कागदावर लिहायची सोय नाही, म्हणून माणूस रोज झोपताना आकडे मनात म्हणतो. धाकल्याला कळलं तर त्यांच्या बायकोला घराबाहेर काढतील आणि मुलाचं डॉक्टरकीचं शिक्षण बंद. असा फोन पुन्हा जन्मात करता येणार नव्हता, कारण हा त्यांचा पहिला आणि शेवटचा परदेश. पुढच्या वर्षी निवृत्ती.

मी म्हटलं, थोरले, फोन होणार. हे सुमनचं वचन. बोलून तर बसले, पण नाशकात ते कसं जमायचं? दोघं एका खोलीत. मग सुचलं. परवा मशीन चालताना बघायला नामपूरला जायचं होतं, आणि नामपूर माझं माहेर!

गुरुवार, नामपूर

सोग्रस फाट्यावरून आत वळलं की हवा बदलते, निदान मला तरी वाटतं. भावडबारीच्या चढावर जीपचं चाक बसलं. रफिकभाई पाना फिरवताना पुन्हा सरकारवर घसरले, पण या खेपेला मी अनुवाद केला नाही. देवळा, सटाणा, आणि दहाला आम्ही नामपुरात.

बाजार समितीत उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. लिलाव पुकारत व्यापारी पुढे सरकत होते. एका ट्रॅक्टरपाशी भाव फारच कमी पुकारला आणि शेतकरी, अंगात मळकी बंडी, वरून खाली अहिराणीत ओरडला, "नही देवाना! मना कांदा शे, मी ठरावसू!" म्हणजे देणार नाही, कांदा माझा, भाव मी ठरवणार! आजूबाजूचे हसले, व्यापारीही हसला आणि पुढे गेला. आता हा व्यापारी म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. थोरल्यांनी हळूच विचारलं, त्या शेतकऱ्याला पकडायला कधी येतील? मी म्हटलं, दोघं थोड्या वेळाने एकत्र चहा पितील. आणि प्यायलेच, समोरच्याच टपरीवर. धाकला आ वासून बघत होता. वही खिशात तशीच राहिली, हे मी टिपून ठेवलं.

मशीन एका खळ्यात चाललं. झकास चाललं! कांदे टपटप आपापल्या खान्यात पडत होते, पाहुण्यांनी पट्ट्याला, मोटारीला हात लावून बघितला, आणि ऑर्डर आमचीच हे मला तिथेच कळलं. पण माझं चित्त कशात होतं? घड्याळात.

माझी वहिनी कमल. तिच्या पंगतीतून उपाशी उठलेला माणूस नाही, आणि चालत उठलेलाही क्वचितच. मी तिला आदल्या दिवशीच निरोप दिला होता की आडव्या पाहुण्याला एवढं खाऊ घाल की त्याला तास दोन तास जागचं हलता येऊ नये. तिने खापरावरचे मांडे केले होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पुरण भरलेली, हातावरच झेलत झेलत टॉवेलाएवढी केलेली पोळी, उपड्या घातलेल्या खापरावर भाजतात. वरून तूप, दूध, सोबत झणझणीत सार, भात, कुरडया. एक मांडा म्हणजे एक जेवण. आमच्या भागातला पैलवान तीन खातो.

"आखो एक ल्या ना भाऊ, काय होत नही," वहिनी म्हणाली आणि दुसरा वाढला. धाकल्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. त्याला काय ठाऊक, आपल्याकडे हात आडवा धरणं म्हणजे नुसती लाज, नकार नव्हे! वहिनीने बोटांच्या फटीतून तूप सोडलं. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं, "नाही म्हटलं तर चालतं?" मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "या घरात? नाही." देवा, माफ कर. एवढी एक हुकूमशाही मीही केली.

तीन खाल्ले त्याने. थोरल्यांना वहिनीने एकावर सोडलं. मग धाकला कडुनिंबाखालच्या खाटेवर आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. थोरले आत विश्रांती घेताहेत असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी जाहीर केलं आणि मागच्या दाराने आम्ही दोघं बाहेर पडलो. "तुम्ही जा, मी देखस," वहिनी म्हणाली.

गावात परदेशी फोनचा बूथ एकच, मंगलचा. मंगल माझी शाळेतली मैत्रीण, पायाने अधू, पण जिभेने माझ्याही दोन पावलं पुढे. तिला एवढंच सांगितलं, पाहुण्यांना लेकीशी बोलायचंय, नऊ वर्षांनी. तिने काचेचं दार उघडून आतला स्टूल पदराने पुसला.

थोरल्यांनी आकडे म्हटले. पहिल्यांदा लाइन व्यस्त. दुसऱ्यांदा नुसती खरखर. थोरल्यांचा चेहरा पांढराफटक. "नंबर बदलला असेल," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी चुकीचा नंबर म्हणत असेन."

"काका, गप बसा," मंगल शुद्ध मराठीत म्हणाली आणि पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा घंटी वाजली.

काचेतून मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. पलीकडून कुणी तरी बोललं असावं, कारण थोरल्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. आता ती ठेवून देईल, ठेवून देईल, माझा जीव टांगणीला. मग त्यांनी एक छोटासा शब्द उच्चारला, दोनच अक्षरांचा. लेकीचं लाडाचं नाव असणार, ते कुठल्याही भाषेत कळतं. आणि पलीकडची किंकाळी आम्हाला काचेबाहेर ऐकू आली! मंगल आणि मी, दोघी घोडम्या बायका, एकमेकींचे हात धरून रडायला लागलो.

तेवढ्यात मंगल म्हणाली, "सुमे, तो कोण गं?"

बूथच्या पायरीवर धाकला उभा होता.

वहिनीला मी सांगितलं होतं की खाऊ घाल. अडव म्हणून सांगायचं राहिलं! आणि घरी आलेला पाहुणा हाताने कानाशी फोन करून दाखवतोय म्हटल्यावर वहिनीने काय करावं? तिने आपणहून फाटकापर्यंत येऊन त्याला रस्ता दाखवला होता. आतिथ्याने केला घात, म्हटलं. बायको बेघर, पोरगा शिक्षणाबाहेर, आणि सगळं माझ्या शहाणपणामुळे.

थोरल्यांनी काचेतून त्याला पाहिलं. मला वाटलं, रिसीव्हर टाकतील. पण त्या माणसाने पाठ ताठ केली, धाकल्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि आवाज आणखी चढवला. खो खो हसत, रडत, बोलत राहिले. घ्या लिहून काय लिहायचं ते! तो लाजरा म्हातारा तेव्हा एवढा देखणा दिसला म्हणून सांगू.

धाकला मात्र वही काढेना. तो तसाच उभा. मग मंगलच्या टेबलापाशी आला, आणि खाली मान घालून, शाळेत पाढा म्हणतात तसे, त्याने आकडे म्हणायला सुरुवात केली. निराळे आकडे. त्याचेही पाठच होते.

"माझा भाऊ," तो मला म्हणाला. "धाकटा. सात वर्षं आवाज नाही." मग काचेकडे बोट करून, "मला वाटलं, हा पोलीस आहे."

मी कपाळाला हात लावला. खाटेवरचं घोरणं सगळं खोटं होतं! थोरले आत झोपलेत या भरवशावर हा पठ्ठ्या निसटला होता. अकरा वर्षं शेजारी शेजारी बसून दोघं एकमेकांना भीत होते, आणि त्या खुर्चीवरच्या माणसाला त्यासाठी एक शिपाईसुद्धा ठेवावा लागला नव्हता.

थोरले बाहेर आले. "नात आहे मला," ते म्हणाले. "तीन वर्षांची. तिने मला हॅलो म्हटलं." हे त्यांनी इंग्रजीतच, पण मला नाही, धाकल्याला सांगितलं. मी त्यांना धाकल्याच्या आकड्यांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. मंगल नंबर फिरवतच होती. धाकला अजून आकडे पुटपुटत होता, ते थोरल्यांनी क्षणभर ऐकलं, मग काचेचं दार उघडून धरलं आणि वाकून धाकल्याला आत जायला सांगितलं. तो फोन लागेपर्यंत त्यांनी दार सोडलं नाही.

त्याचाही लागला! पहिल्या झटक्यात. मंगलने खडीसाखर काढून आमच्या हातावर ठेवली आणि एक खडा जबरदस्तीने धाकल्याच्या तोंडात, तो बोलत असतानाच.

घरी आल्यावर दोघं त्या खाटेवर शेजारी बसले आणि वह्या काढल्या. आता परत गेल्यावर दोन खोल्यांत जे लिहायचं ते जुळायला हवं होतं. थोरले सांगायचे, धाकला लिहायचा. मग धाकला सांगायचा, थोरले लिहायचे. स्वतःवरचा कागद स्वतःच सांगायचा, काय थाट! मधेच मला विचारलं, त्या पदार्थाचं नाव काय? मी सांगितलं, मांडे. मग थोरल्यांनी लिहिलेलं मला इंग्रजीत वाचून दाखवलं. "गुरुवारी दुपारी सहकाऱ्याने तीन मांडे खाल्ले व झोपला. दुसरं काही घडलं नाही." धाकला म्हणाला, तीन लिहू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही. मी ते मराठीत सांगितलं, तर वहिनी हट्टाला पेटली, खाल्ले तेवढे लिवा म्हणे, मी चुलीशी उगाच बसले का? शेवटी तीनच लिहिले.

पाचला निघालो. चार दिवस त्या मागच्या सीटवर दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा असायची. आता दोघं मधोमध, खांद्याला खांदा लावून. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं बोलणं त्या दोन माणसांनी नामपूर ते नाशिक उपसलं. हातवारे काय, टाळ्या काय, एकमेकांच्या मांडीवर थापा काय! मी दोनदा मागे वळून विचारलं, काय म्हणताय? सांगा की मलाही. दोघांनी हात हलवून मला गप्प केलं. चांदवडचा डोंगर दाखवला, तर बघितला नाही. चार दिवस त्यांचं सगळं मी बघितलं, आणि मलाच कुणी विचारीना! रफिकभाई आरशात बघून हसत होते. मीही पुढे तोंड करून गप्प बसले, डोळे पुसत. असा अपमान माझा रोज होवो.